माझ्या काचेवर द्वारकाबाईला मारलं

मित्रांनो, मी एक जुना, पाठीला पोक असलेला टीव्ही आहे आणि मला राग आलेला आहे. जुन्या वस्तूनं आपली कहाणी डोळ्यांत पाणी आणून सांगावी, अशी तुमची सवय. माझ्याकडं पाणी नाही, काच आहे. त्या काचेवर जे घडलं ते मी सरळ सांगतो. ऐकवलं तर ऐका.

कारखान्यात कुणीतरी मला जुळवलं, खोक्यात भरलं आणि बारामतीच्या बाजारपेठेत एका दुकानात मांडलं. तिथून आत्ताचा मालक रणजित, त्याच्या वडिलांनी मला दुधाच्या टेम्पोत, कॅनच्या मधोमध बसवून भिगवणला आणलं. हमरस्त्यालगत त्यांची मासळीची खाणावळ. दारात त्यांची बायको द्वारकाबाई उभी होती. तिनं माझ्यावरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, कुंकू लावलं आणि म्हणाली, "ये बाबा. हितं उपाशी कुणी ऱ्हात न्हाय."

पुढची कित्येक वर्षं मी खाणावळीच्या फळीवर राज्य केलं. क्रिकेट, निवडणूक, उजनी धरणाचं पाणी किती टक्क्यांवर आलं याची बातमी, सगळं माझ्याच तोंडून. ट्रकवाले चिलापीचा काटा काढता काढता माझ्याकडं बघायचे आणि काटा गिळायचे. दसऱ्याला कोयत्याच्या, जाळ्याच्या पंगतीत मलाही झेंडूचा हार असायचा.

आणि 'असुरवेध' लागली की रस्ता ओस पडायचा. दर आठवड्याला एक राक्षस, एक हडळ नाहीतर वेताळ, आणि त्याला शोधून मारणारा चांदीच्या भाल्यावाला गडी. मिसरूड फुटायच्या आधीपासून रणजित ही मालिका बघतो. आता त्याला टक्कल पडायला आलंय. भालेवाल्याचा एक केस पांढरा झालेला नाही.

मग वडील गेले, रणजित मालक झाला आणि भिंतीवर एक चपटा, रुंद टीव्ही आला. मला मागच्या स्वयंपाकघरात, पाण्याच्या पिंपाशेजारी ठेवलं; दारातून पुढची ताटं तेवढी दिसायची. फोडणीच्या वाफेनं माझा आवाज बसला. चित्र चांगलं, पण आवाज मधेच गुल. पाठीत धपाटा घातला की यायचा, पुन्हा जायचा. कौतुक संपलं. माझ्या डोक्यावर मिठाचा डबा आला.

पण खरं सांगू? माझे सगळ्यांत चांगले दिवस तेच. द्वारकाबाई वाटण वाटायची, तिची नात छकुली शेजारी पाटावर बसायची, मी मुका. मग द्वारकाबाई पडद्यावरच्या माणसांना आपला आवाज द्यायची. दहा तोंडांचा राक्षस जबडे वासून आला की ती म्हणायची, "अगं बाई, दहा तोंडं आन् ताटात भाकर एकच. भांडू नका रं." भालेवाला तावातावानं काही सांगायला लागला की, "काकू, तुमच्याकडं मरळ भेटंल का हो?" छकुली हसून हसून पाटावरून खाली पडायची. त्या पोरीला राक्षसाची भीती म्हणून कधी वाटली नाही.

आता एक रीत सांगतो, कारण सगळं तिच्यावर उभं आहे. धरण झालं तेव्हा द्वारकाबाईचं गाव पाण्याखाली गेलं. तेव्हा ती नुकती लग्न होऊन आलेली सून होती. उन्हाळ्यात पाणी मागं हटतं आणि लक्ष्मीआईच्या देवळाचा कळस वर येतो. तेव्हा त्या गावच्या बाईनं ओलेत्यानं, केस मोकळे सोडून, कमरेएवढ्या पाण्यात उभं राहायचं, ओटी भरायची आणि बुडालेल्या गावातलं एकेक घर नाव घेऊन देवीच्या पदरात घालायचं. पूर्वी पुष्कळ बाया जायच्या. काही गेल्या, काहींचे गुडघे गेले. उरली द्वारकाबाई.

मागच्या उन्हाळ्यात 'असुरवेध'ची माणसं पाण्यावर आली. त्यांना म्हणे पाणथळीतला भाग करायचा होता. रणजितला आभाळ ठेंगणं झालं. त्यानं त्यांना फुकट जेवू घातलं. मासे आणून देणाऱ्या गोकुळनं आपली होडी दिली. त्यांच्यातल्या एकानं द्वारकाबाईला ओटी भरताना पाहिलं आणि कॅमेरा लावला. काय दाखवणार, असं रणजितनं विचारलं. देवीची भक्त दाखवू, असं उत्तर मिळालं. एवढ्यावर सगळे खूश. कागद नाही, सवाल नाही.

आणि मग आपल्या भागात जे होतं तेच झालं. भाग लागायच्या आठ दिवस आधी हमरस्त्यावर फ्लेक्स लागला. 'भिगवणची शान! आमच्या मातोश्री द्वारकाबाई असुरवेध मालिकेत झळकणार!' खाली शुभेच्छुकांचे फोटो, ते तिच्या फोटोपेक्षा मोठे. काय दाखवलंय ते एकानंही बघितलेलं नाही, आणि अभिनंदन मात्र हवेत फडफडतंय. माणसं आधी फ्लेक्स लावतात आणि मग कशाबद्दल लावला ते शोधतात.

त्या संध्याकाळी पुढं खाणावळीत पाय ठेवायला जागा नव्हती. लासुर्ण्याहून खाणावळीचे जुने गिऱ्हाईक दत्तोबा तात्या आले. बारामतीहून रघुनाथ गुरुजी आले. तेही मूळ त्याच बुडालेल्या गावचे, आणि मालिकेचा एकही भाग न चुकवल्याचा त्यांना मोठा अभिमान. चपट्या टीव्हीला हार घातला. द्वारकाबाईला गर्दीत लाज वाटली. ती इरकल नेसून मागं माझ्यासमोर बसली, छकुली मांडीवर. रणजितनं बारामतीहून मिस्त्री आणून माझाही आवाज दुरुस्त करून घेतला होता. आईला ऐकू यावं म्हणून. चांगल्या मनानं केलं होतं त्यानं. म्हणून तर जास्त लागलं.

सुरुवातीला भालेवाला आला. होडी दिसली, तर पुढून गोकुळ ओरडला, आपलीच हाय. मग पाण्यातून एक बाई वर आली. ओली, केस मोकळे. संगणकावर डोळे लालभडक केलेले, दात ओठाबाहेर काढलेले, कातडी शेवाळी. ती हातातली ओटी पाण्यात सोडत होती आणि माझ्या नव्या दुरुस्त आवाजातून घोगरी गर्जना बाहेर पडत होती: "एकेकाचं घर बुडवीन! एकेकाचं घर बुडवीन!"

घरं बुडवीन. जिचं स्वतःचं घर बुडालं, तिच्या तोंडात हे वाक्य घातलं. लिहिणाऱ्याला पगार मिळतो म्हणे.

मग भाला सुटला आणि तिच्या छातीतून आरपार गेला. ती पाण्यात कोसळली. भालेवाल्यानं हात झटकले. जाहिराती लागल्या, साबणाची पहिली.

मी द्वारकाबाईकडं बघत होतो. तिचं तोंड उघडं राहिलेलं, हात छातीवर, बरोबर भाला लागला तिथं. छकुली हळूच मांडीवरून उतरली. मागं सरकत पिंपाच्या आडोशाला गेली आणि तिथून म्हणाली,

"आजे, तुजे दात दाखव."

मित्रांनो, मी आयुष्यात पुष्कळ राक्षस दाखवले. त्यांतल्या एकालाही इतकं कापणारं वाक्य बोलता आलं नव्हतं.

द्वारकाबाईनं तोंड उघडून दाखवलं. होते ते चार झिजके दात. पोरगी तरी जवळ आली नाही.

तेवढ्यात पुढं मतं सुरू झाली. माणसाला धक्का बसला की तो थोडा वेळ माणूस राहतो, मग प्रेक्षक होतो. दत्तोबा तात्या म्हणाले, भाला जरा लवकर मारला, झुंज अजून रंगायला हवी होती. मग शेजाऱ्यानं कानात सांगितलं तेव्हा त्यांना कळलं की ती द्वारकाबाई होती, आणि ते टोपी काढून खाली बघत बसले. कुणी म्हणालं केस करा, कुणी म्हणालं नाव तरी झालं. गोकुळ मोबाइलवरची मतं वाचून दाखवायला लागला. गावोगावच्या लोकांनी लिहिलं होतं, चेटकीण एक नंबर. मेकअप खरा वाटतो. असली म्हातारी शोधली कुठून? आजवरची सगळ्यांत भयानक. शेवटचं वाचलं आणि त्यानं मोबाइल खिशात घातला.

रघुनाथ गुरुजींनी मात्र घसा साफ केला. चित्रण, प्रकाश, संकलन सगळं उत्तम आहे, असा निकाल त्यांनी दिला. द्वारकाबाई भाकरीची दुरडी घेऊन बाहेर गेली तेव्हा तिलाही ते समजावायला लागले.

"मनाला लावून घेऊ नका, बाई. कथेत कुणाला तरी भूत व्हावंच लागतं."

द्वारकाबाईनं त्यांच्या ताटात भाकरी वाढली. मग म्हणाली, "व्हावं लागतं तर तुमच्या आईला करा की, गुरुजी. तिच्या घराचं नाव बी मी त्याच पाण्यात घेते."

गुरुजींनी पुढं घास उचलला नाही.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. शाळेत पोरं छकुलीला 'पाणचेटकीची नात' म्हणायची. गिऱ्हाइकं यायची ती मासे नंतर, आधी चेटकीणबाई कुठंयत विचारायची. तिच्याबरोबर दात विचकून फोटो काढायची. रणजितनं मालिकावाल्यांना फोन लावले. तिकडून एकजण गोड आवाजात म्हणाला, भाग लोकांना फार आवडलाय. रणजितनं चपटा टीव्ही बंद केला तो कायमचा. द्वारकाबाई केस घट्ट बांधून, डोक्यावर पदर ओढून वावरायला लागली. छकुलीचा घास आता तिची आई भरवायची, आणि आजी वाटण वाटायला बसली की पोरगी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर थांबायची. एकदा द्वारकाबाई रणजितला म्हणाली, "औंदा वटी नको. कोण बघंल, काय म्हनंल."

ती गेली नाही तर त्या घरांची नावं कोण घेणार? दुसऱ्या कुणाला ती येतच नव्हती.

मग एका रविवारी दुपारी तोच भाग पुन्हा लागला. पुढं माणसं जेवत होती. मी कुणीतरी सुरू करून सोडलेला, मिठाचा डबा डोक्यावर. होडी दिसताच उंबऱ्याबाहेरची छकुली आणखी मागं सरकली. द्वारकाबाई वाटण टाकून उठली. मला वाटलं, बंद करणार. तिनं बंद केलं नाही. बटण फिरवून माझा आवाज पार काढून टाकला आणि माझ्याशेजारी बसली.

"छकुले, तिच्या डोळ्याकडं बघू नगंस," ती म्हणाली. "ओठाकडं बघ. आन् माजं ऐक."

काचेवर ती शेवाळी बाई पाण्यातून वर आली. तिचे ओठ हलले. आणि माझ्याशेजारी द्वारकाबाई बोलायला लागली, हळू, जशी ती पाण्यात बोलते तशी.

"आई, येशीजवळचं कोंडिबाचं घर सुखी ठेव. चिंचंखालचं साळूबाईचं घर सुखी ठेव. वळचणीला कबुतरं बसायची ते यमुनाबाईचं घर सुखी ठेव..."

शब्द आणि ओठ बरोबर बसत होते. डोळे लाल केले होते, दात लांब केले होते, पण त्या शहाण्यांना ओठ बदलायचे सुचले नव्हते. छकुली उंबऱ्यावरून आत आली. एकदा काचेकडं, एकदा आजीकडं. पुन्हा काचेकडं. पाटावर बसली, शेजारच्या पिठाच्या परातीत हात टेकून.

आवाज पुढं गेला असावा. दारात माणसं जमली, उष्ट्या हातांनी तशीच. गोकुळ होता. रविवारचे जेवायला आलेले रघुनाथ गुरुजी होते. यमुनाबाई त्यांची आई. घराचं नाव कानावर पडलं तसे ते दाराच्या चौकटीला धरून खाली बसले. धोतराला रस्सा लागला, त्यांना कळलं नाही.

काचेवर भालेवाला होडीतून उठला. त्यानं भाला उचलला.

छकुली ताडकन उठली आणि तिनं आपला तळवा माझ्या काचेवर दाबला, आजीच्या छातीवर. पीठ लागलेला छोटा तळवा. भाला आला, तिच्या बोटांच्या फटीतून दिसला आणि तिथंच संपला. पोरीनं डोळे मिटले होते, पण हात काढला नाही.

"आजे, बंद करू त्येला?"

"नगं," द्वारकाबाई म्हणाली. "आजून घरं ऱ्हायल्यात."

काचेवर साबणाची जाहिरात नाचत होती आणि द्वारकाबाई घरं सांगत होती. कुंभाराचं. तांबोळ्याचं. ओढ्याकाठच्या मुक्या रामाचं. दुसऱ्या घराला छकुली तिच्यामागं म्हणायला लागली, तिसऱ्याला दारातून एक घोगरा आवाज मिसळला. तो गुरुजींचा होता.

यंदा ओटी भरली गेली. पाण्यात दोघी होत्या, एकीचे केस पांढरे, एकीचे काळे, दोघींचे मोकळे. काठावर गुरुजी पाठ करून उभे होते, कुणी मोबाइल वर केला की त्याच्यावर खेकसायला. रणजितनं फ्लेक्स उतरवला. तो आता माझ्या पाठीवर पांघरलाय, वाफ लागू नये म्हणून. शुभेच्छुक आतल्या बाजूला घडीत गेले, द्वारकाबाईचा चेहरा तेवढा वर राहिलाय.

मित्रांनो, मला पुसा किंवा पुसू नका. मी डबा आहे, आज ना उद्या भंगारात जाईन. पण चेटकीण दाखवली म्हणून टाळ्या पिटायच्या आधी माझा आवाज बारीक करा आणि तिच्या ओठांकडं बघा. कदाचित ती तुमच्याच घराचं नाव घेत असेल.

माझ्या काचेवर पिठाचा तो तळवा अजून आहे. द्वारकाबाई रोज सगळं स्वयंपाकघर पुसते. तेवढी जागा सोडून.