कोपरावरचा चरा

रंगमास्तर नाकावर माशी बसू देत नसत आणि त्याला कारणही तसंच होतं. अख्ख्या छापखान्यात माणसाच्या कातडीचा रंग कागदावर जसाच्या तसा उतरवणारा दुसरा कोणी नव्हता. टोमॅटो काय, मोटार काय, साबणाची वडी काय, ती कोणीही छापेल, चेहरा छापून दाखवा, असं ते म्हणत. चेहऱ्यात शाई केसभर जास्त झाली की माणूस आजारी तरी दिसतो नाहीतर दारू प्यायलेला, आणि मग घरची माणसंही त्याला ओळखत नाहीत. हे ते एकतीस वर्षं सांगत आले होते आणि बाकीच्यांनी एकतीस वर्षं मुकाट्याने ऐकून घेतलं होतं, कारण म्हातारा बोलायचा ते करूनही दाखवायचा.

छापखान्याचा एक नियम होता. मशीनवरून पहिला मनासारखा कागद निघाला की तो खिडकीपाशी उजेडात न्यायचा, वरपासून खालपर्यंत भिंगातून बघायचा आणि खालच्या कोपऱ्यात मशीन चालवणाऱ्याने सही करायची. गिऱ्हाईक हजर असेल तर त्याचीही सही घ्यायची. मग तो कागद चिमट्याने मशीनला टांगायचा आणि पुढचे हजारो कागद त्याच्याशी ताडून काढायचे. सही नाही तर छपाई नाही. काम संपल्यावर हे सहीचे कागद रद्दीत जायचे, पण मास्तर ते जाऊ देत नसत. आपल्या लोखंडी कपाटात त्यांनी त्यांची थप्पी लावून ठेवली होती. सूनबाई त्यांना चिडवायची, बाबा, लोक घरी फोटोंचे अल्बम ठेवतात, तुम्ही रद्दी सांभाळता. असं बोलायची मुभा घरात फक्त तिला होती. मुलाने हेच म्हटलं असतं तर दोन दिवस त्याच्याशी अबोला धरला असता.

सूनबाई डोंगरापलीकडच्या लोकांपैकी. तिचे आजोबा बांधकामावर मजूर म्हणून आले आणि इथेच राहिले. तीन पिढ्या झाल्या, भाषा तीच, शाळा त्याच, भांडणंही तीच. फरक राहिला तो रंगाचा. हे लोक काळे, बाकीचे गहूवर्णी. एवढ्याशा फरकावर आजवर कोणाचं घोडं अडलं नव्हतं. मग या निवडणुकीत एक उमेदवार उभा राहिला, त्याच्या जिभेला हाड नव्हतं. रस्ते, पाणी, दवाखाने यांतलं त्याला काही सांगता येत नसे, म्हणून तो प्रत्येक सभेत एकच सांगायचा. त्यांच्या चेहऱ्यांकडे बघा आणि मग ठरवा. पहिल्या सभेत लोक हसले. तिसऱ्या सभेत टाळ्या पडल्या. पाचव्या सभेनंतर कोपऱ्यावरचा वाणी सूनबाईला रांगेत सगळ्यात शेवटी सामान देऊ लागला, आधी आली असली तरी.

मास्तरांनी ते ऐकून सोडून दिलं होतं. निवडणूक संपली की सगळे गार पडतील, असं त्यांनी घरी सांगितलं. खरं तर त्या उमेदवाराची साधी पत्रकं त्यांच्याच मशीनवर छापली गेली होती आणि त्यांनी त्यांवर सही केली होती. शाईला पक्ष नसतो, असं ते तेव्हा मोठ्या तोऱ्यात म्हणाले होते. सूनबाईने त्यांचं ताट वाढलं आणि ती आत निघून गेली, तेव्हा मास्तरांना ते जेवण गोड लागलं नव्हतं.

मग एका दुपारी त्याच उमेदवाराच्या प्रचाराचा माणूस आला. अंगात जाकीट, हातात दोन फोन, म्हणून पोरांनी त्याचं नाव जाकीटवाला ठेवलं होतं. त्याला चार हजार पोस्टर हवी होती, दुसऱ्या दिवशी पहाटेपर्यंत. मालकाने हो म्हटलं, छपाईच्या प्लेटा तयार झाल्या आणि मास्तरांनी मशीन सुरू केलं. पोस्टरवर हाताची घडी घातलेली एक बाई होती. तोंड वाकडं, डोळे लालबुंद, चेहरा तव्याच्या बुडासारखा. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: हा चेहरा तुमच्या दारात हवा?

मास्तरांचे हात सवयीने चालत राहिले. वीस-पंचवीस कागद वाया गेल्यावर रंग जागेवर आले. जाकीटवाल्याने बघितलं आणि आणखी काळा करा म्हणाला. मास्तरांनी त्याला शांतपणे समजावलं की एवढी काळी शाई वाळणार नाही, गठ्ठ्यात एकमेकांना चिकटेल. मग आहे तेच चालेल, पण लवकर करा, असं म्हणून तो फोनवर बोलू लागला.

मास्तर कागद घेऊन खिडकीपाशी गेले. भिंगातून पाहताच त्यांच्या लक्षात आलं, की छपाईच्या ठिपक्यांच्या खाली आणखी ठिपके आहेत. म्हणजे हा फोटो कॅमेऱ्यातून आलेला नव्हता. कुठल्यातरी जुन्या छापील कागदावरून उचललेला होता. कोणी छापला असेल, म्हणून ते धंद्याच्या चौकसपणाने भिंग खाली सरकवत गेले. खांदा, दंड, आणि डाव्या कोपराशी ते थबकले. तिथे एक फिकट, वाकडा, नखाएवढा चरा होता.

तो चरा त्यांनीच अकरा वर्षांपूर्वी पाडला होता.

तेव्हा सरकारी दवाखान्याचं कॅलेंडर छापायला आलं होतं आणि त्यावर एका सिस्टरचा फोटो होता, हाताची घडी घालून हसणारी. दवाखान्यातर्फे सही करायलाही तीच आली होती. मास्तरांनी तिला दोन छटा उजळ केलं होतं. त्यात त्यांचा काही दुष्ट हेतू नव्हता; गिऱ्हाइकाला उजळ आवडतं हा धंद्यातला ठोकताळा. सिस्टरने कागद हातात घेतला, खिडकीत धरला आणि परत दिला. बाई छान आहे, पण ही मी नाही, म्हणाली. मला जशी आहे तशी छापा, मग सही करते. मास्तरांची तळपायाची आग मस्तकात गेली. पण सही नाही तर छपाई नाही, हा नियम त्यांचाच लाडका. त्यांनी प्लेटा बदलल्या. ती पुन्हा नाही म्हणाली. आता मात्र मास्तर तिचा चेहरा नीट बघायला लागले, तासभर, उजेडात आणि सावलीत, आणि त्या काळ्या रंगात किती लाल आहे, किती पिवळा आहे, हे त्यांना आयुष्यात पहिल्यांदा कळलं. तिसऱ्या प्लेटा बसवल्या तेव्हा ते इतके थकले होते की बोटातली अंगठी प्लेटेला घासली. चरा पडला. कोणाला दिसला नाही. चेहरा कागदावर असा उतरला होता की बोट ठेवायला जागा नव्हती. सिस्टरने हसून सही केली, मास्तरांनीही केली, आणि त्या चऱ्यावर सही केल्याची लाज त्यांना पुढे अकरा वर्षं पुरली.

त्या कॅलेंडरनंतर तीन वर्षांनी मुलाने एक मुलगी पसंत केली. मास्तर बोलणी करायला तिच्या घरी गेले तर दार त्याच सिस्टरने उघडलं. काय मास्तर, रंग जमतो का आता, असं तिने उंबऱ्यातच विचारलं आणि तिथेच लग्न ठरल्यात जमा झालं.

म्हणजे पोस्टरवरची बाई त्यांची विहीण होती. भिंग हातात घेऊन, तासभर तिच्या चेहऱ्याला रंग चढवूनही, त्यांनी तिला ओळखलं नव्हतं. प्रचारवाल्यांनी तिचं हसू पुसून तोंड वाकडं केलं, डोळ्यांत रक्त भरलं, वर काळा थापला, आणि चेहऱ्यांचे उस्ताद म्हणवणारे मास्तर फसले. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग राग आला, आणि राग आला तेव्हा त्यांना जरा बरं वाटलं.

ते मालकापाशी गेले आणि कागद टेबलावर ठेवला.

"ही ती नाही," ते म्हणाले. "मी सही करणार नाही."

मालकाला सगळं सांगून झालं. मालक माणूस वाईट नव्हता, घाबरट होता. त्याने जाकीटवाल्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाला, "मास्तर, कागदावर काय आहे ते मशीनला कळत नाही. तुम्हाला कशाला कळायला हवं?"

"मला कळतं म्हणून तर तुम्ही मला ठेवलंय."

जाकीटवाल्याने मध्ये तोंड घातलं, की सहीचं एवढं काय, कोणीही करेल. मालकाने पेन उचललं. कागदाच्या कोपऱ्यापर्यंत नेलं. त्याच्या वडिलांनी घालून दिलेला नियम होता तो. पेन तिथेच थोडा वेळ थांबलं आणि त्याने ते परत खिशाला लावलं. पण रागही त्याला कोणावर तरी काढायचा होता. त्याने जाकीटवाल्याला दुसरा छापखाना बघायला सांगितलं आणि मास्तरांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. एकतीस वर्षांचा हिशोब एका वाक्यात मिटला. मास्तरांनी हात धुतले, कपाट उघडलं, थप्पीतून एक कागद काढला, गुंडाळी करून काखेत मारली आणि निघाले. मशीनवरची पोरं जागच्या जागी उभी राहिली, एवढाच काय तो निरोप.

ते थेट विहिणीकडे गेले. निवृत्त झाल्यापासून ती घरीच शेजाऱ्यांचा रक्तदाब तपासून द्यायची. आत्ताही एका आजीबाईंच्या दंडाला पट्टा बांधलेला होता. आजीबाई जाईपर्यंत मास्तर खुर्चीच्या टोकावर बसून राहिले. मग त्यांनी सगळं सांगितलं, ओळखलं नाही हेही सांगितलं, कारण ते लपवलं असतं तर घास उतरला नसता. पोस्टर दुसरीकडे छापलं जाईल, उद्या चौकाचौकात लागेल, तुम्ही चार दिवस लेकीकडे येऊन राहा, असं त्यांनी सुचवलं.

विहीणबाईंनी पट्ट्याची गुंडाळी केली, पेटीत ठेवली.

"सही तुमची नाही ना त्यावर?"

"नाही."

"मग बास. तो जुना कागद आणलाय तो ठेवून जा. आणि सकाळी शिडी घेऊन या, व्याहीबुवा. माझे गुडघे आता चढू देत नाहीत."

सकाळी पोस्टर लागली होती. दुसऱ्या छापखान्याने आणखी काळा केला होता आणि मास्तरांनी सांगितल्याप्रमाणे शाई वाळलीच नव्हती. जागोजाग ओघळली होती. सगळ्यात मोठी रांग सरकारी दवाखान्याच्या भिंतीवर होती. विहीणबाई खळीची बादली घेऊन आल्या, सोबत सूनबाई. मास्तरांनी शिडी लावली. सूनबाई वर चढली आणि तिने एका पोस्टरच्या शेजारी, खेटून, अकरा वर्षांपूर्वीचा कागद चिकटवला. खाली दोन सह्या होत्या, एक विहीणबाईंची, एक मास्तरांची. मास्तरांच्या जिवाचं पाणी झालं, कारण कॅलेंडरं हजारो निघाली असली तरी सहीचा कागद तो एकच होता. पण ते शिडी धरून उभे राहिले.

सूनबाई खाली उतरली आणि दवाखान्यात जाणारे येणारे थांबू लागले. डावीकडे एक भयंकर बाई, उजवीकडे हसणारी सिस्टर, आणि खाली फुटपाथवर तीच सिस्टर, केस पिकलेली, हाताची घडी घालून. ती कोणाशी भांडली नाही. लोकांनीच एकमेकांना विचारायला सुरुवात केली. गर्दीत कोपऱ्यावरचा वाणीही होता. तो म्हणाला, की या दोन वेगळ्या बायका आहेत, उगाच दिशाभूल करू नका. त्याच्या आईला शेवटच्या आजारात सहा महिने इंजेक्शन देणारी सिस्टर कोण होती, हे तिथल्या निम्म्या लोकांना ठाऊक होतं.

"कोपर बघा," विहीणबाई त्याला म्हणाल्या. "दोन्हीकडचं."

वाणी पुढे झाला. त्याने एका कागदावर बोट ठेवलं, मग दुसऱ्यावर. तोच चरा. तेवढाच, तसाच वाकडा. त्याचं बोट काळ्या शाईने माखलं आणि ते कुठे पुसावं हे त्याला कळेना. तो मान वर करून बराच वेळ हसणाऱ्या सिस्टरकडे बघत राहिला आणि मग खऱ्या सिस्टरकडे बघणं त्याला जमेना. त्याच्यामागून एकेक जण पुढे येऊन दोन्ही कोपरांना हात लावून बघू लागला. कोणीतरी डावीकडच्या पोस्टरची कड नखाने उचलली. कागद ओलाच होता, सरसर सोलून आला.

मास्तर विहिणीच्या कानाशी लागले. तो चरा राहून गेला होता, कोणाला सांगितलं नव्हतं, असं ते पुटपुटले.

"मला तेव्हाच दिसला होता," त्या म्हणाल्या. "पण चेहरा माझा होता, म्हणून मी सही केली."

समोर कोणीतरी मोठ्याने विचारत होतं, की हा चरा पडला तरी कसा, कोणी पाडला. एकतीस वर्षं ज्या माणसाने स्वतःच्या कामातली चूक कोणाच्या नजरेला पडू दिली नव्हती, त्याने शिडी सोडली, गर्दीतून वाट काढली आणि सहीवर बोट ठेवून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं,

"माझा आहे तो. मी पाडला."