न्यायालयातला एककानी घोडा

मी एक जुना लाकडी घोडा आहे आणि आधीच सांगून टाकतो, मला एकच कान आहे. दुसरा कुठे गेला हे विचारू नका, मित्रांनो. दोन जुळ्या भावांचं भांडण झालं होतं, एवढंच पुरे. पण उरलेल्या कानाने मी जे ऐकलंय, ते दोन कानांच्या माणसांनाही कधी ऐकू येत नाही.

एका म्हाताऱ्या सुताराने मला जुन्या दारांच्या लाकडातून घडवलं. पायांखाली दोन वाकड्या पट्ट्या बसवल्या, म्हणून मी जागच्या जागी झुलतो. एका धनिक गृहस्थांनी मला विकत घेतलं आणि कौटुंबिक न्यायालयाला भेट म्हणून दिलं. माझ्या छातीवर स्वतःच्या नावाची पितळी पट्टी ठोकून घेतली, फोटो काढले आणि गेले ते गेलेच. मला रोज पुसायचे ते शिपाईकाका. त्यांचं नाव पट्टीवर नाही, पण तू कोणाचा असं कुणी विचारलं तर मी त्यांचंच नाव सांगेन.

माझी जागा बाहेरच्या खोलीत, खिडकीखाली. आईवडील आत भांडायला जात आणि मुलं माझ्या पाठीवर बसत. तेव्हा माझं कोण कौतुक व्हायचं! मग शिपाईकाका निवृत्त झाले, माझा रंग उडाला आणि मी करकरू लागलो. कारकूनबाई ओरडायच्या, "अगं बाई, त्या घोड्याला आवरा कुणीतरी!" शेवटी मला कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून ठेवलं. वाईट वाटतं हो, मित्रांनो. मी काय मुद्दाम करकरत होतो?

तिथून मला ओढून काढलं ते भिंगरीने. ही भिंगरी म्हणजे एका जागी न ठरणारी छोटी मुलगी, म्हणून तिला सगळे तसंच म्हणायचे. "बाबा, ह्याला शिक्षा केलीय का?" तिने विचारलं. तिचे बाबा सायकली दुरुस्त करायचे. त्यांनी मला सरळ केलं आणि बाकावर वकीलबाईंशेजारी बसले. त्यांचं सगळं बोलणं मी ऐकलं.

भिंगरीच्या आईचं पहिलं लग्न जहाजावरच्या एका आचाऱ्याशी झालं होतं. दोघांचं पटलं नाही, ते वेगळे झाले, पण काडीमोड तेवढा राहून गेला. पुढे तिने या सायकलवाल्याबरोबर संसार थाटला आणि भिंगरी जन्मली. कायद्याने विचारलं, आई कोणाची बायको? आचाऱ्याची. मग बापही तोच! जन्मदाखल्यावर त्याचं नाव बसलं. नंतर काडीमोड झाला, नवं लग्नही झालं, दाखला मात्र होता तसाच राहिला.

कुणाचं काही अडलं नव्हतं. मग भिंगरी झोपाळ्यावरून पडली आणि तिचं कोपर मोडलं. आई परगावी गेलेली. बाबांनी तिला उचलून दवाखाना गाठला, तर ऑपरेशनच्या कागदावर त्यांची सही चालेना.

"म्हणाले, दाखल्यावर वडील दुसरेच आहेत," सायकलवाला सांगत होता. "तिची आई येईपर्यंत पोर आत कण्हत होती आणि मी बाहेर उभा. वकीलबाई, मला फक्त तिच्यासाठी सही करता यायला हवी. बाकी काही नको मला."

"रक्ताची तपासणी जुळलीय," वकीलबाई म्हणाल्या. "पण आचाऱ्याचं म्हणणं ऐकल्याशिवाय न्यायाधीशबाई त्याचं नाव काढणार नाहीत, आणि तो तारखेला फिरकतच नाही. घोडं पेंड खातंय ते इथेच." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी आयुष्यात पेंड खाल्लेली नाही, पण चालायचंच.

पुढच्या तारखेला एक आडव्या बांध्याचा माणूस इस्त्रीचा शर्ट घालून आला. तोच आचारी! तो कारकूनबाईंना हळूच म्हणाला, "ताई, मी नाही म्हटलं तर पोरगी बिनबापाची होईल हो. राहू द्या की माझं नाव, माझं काय जातंय?" म्हणजे हा भला माणूस तिच्यावर उपकार करायचे म्हणून इतके दिवस येत नव्हता!

"ते आत सांगा," कारकूनबाई म्हणाल्या.

तो माझ्याजवळ येऊन बसला. भिंगरीची आई वकीलबाईंबरोबर आत होती आणि बाबा खाली सायकलपाशी गेले होते.

"काका, मला वर बसवा ना," भिंगरी म्हणाली. त्याने बसवलं. मी करकरलो.

"थांब हं घोड्या, बाबा तेल आणतायत," ती माझ्या मानेवर थोपटत म्हणाली. "काका, ह्याचे सांधे दुखतात. माझं कोपर दुखायचं ना, तेव्हा बाबा फुंकर घालत बसायचे."

"कोण बाबा?"

"माझे बाबा! अजून कोणाचे?"

आचाऱ्याने तिच्याकडे नीट पाहिलं. हनुवटी थेट आईची होती. तेवढ्यात सायकलवाला तेलाची बुधली घेऊन आला आणि माझ्या पायाशी बसला. "भिंगरे, फ्रॉक सांभाळ गं," म्हणत त्याने माझ्या सांध्यांत थेंब थेंब तेल सोडलं. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

आचाऱ्याच्या नावाचा पुकारा झाला. ते नाव ऐकताच सायकलवाल्याने झटकन मान वर केली आणि तेल माझ्या खुरावर सांडलं. आचारी त्याच्याकडे बघत उठला आणि आत गेला. दार अर्धवट उघडंच होतं.

"ही मुलगी तुमची आहे का?" न्यायाधीशबाईंनी विचारलं.

"नाही, बाईसाहेब. मला वाटायचं, मी नाही म्हटलं तर पोर उघड्यावर पडेल. पण तिला बाप आहे. तो बाहेर घोड्याला तेल घालतोय."

सायकलवाला फरशीवर बसून ढसाढसा रडला. भिंगरीला वाटलं, तेल सांडलं म्हणून रडतायत. "बाबा, मी पुसते ना!" ती म्हणाली.

नवा दाखला घ्यायला ते आले, तेव्हा पोचपावतीवर 'वडील' लिहिलं होतं तिथे त्याने सही केली. केवढा वेळ लावला! तो अजूनही अधूनमधून बुधली घेऊन येतो. मी पुन्हा खिडकीखाली असतो आणि मजेत झुलतो.

मित्रांनो, करकरणाऱ्याला भिंतीकडे तोंड करून ठेवू नका. त्याला काय दुखतंय ते बघा. माझ्या छातीवरची पितळी पट्टी मागेच गळून पडली. कुणी ती परत ठोकायला आलं, तर त्याला सांगा, आधी तेल घेऊन ये.