भारी जोडी

"हलकी? देशमुखाच्या गाडीले हलकी जोडी टाकतं काय रे डोमाजी?" पांडुरंगरावांनी हातातली छडी ऐरणीवर अशी आपटली की दारातली कोंबडी फडफडत रस्त्यावर पळाली. "थट्टा करून राह्यला काय माही?"

"थट्टा नाई मालक," डोमाजी मिस्त्री हात पुसत म्हणाला. पुसून हात जास्तच काळे झाले. "हलकी म्हंजे वाईट नाई. हलकी म्हंजे…"

"हलकी म्हंजे हलकी! मले शिकवतं?"

निर्मलच्या नाक्यावरचा तो पत्र्याचा कारखाना. मोठी लढाई नुकतीच संपली होती आणि लष्कराच्या मोडक्या गाड्यांचा माल गावोगाव विकायला निघाला होता. त्यातलीच एक लहान लॉरी बेल्याच्या या देशमुखांनी घेतली: पुढे दोघांना बसायला जागा, मागे उघडी पेटी. तिच्या मागच्या आसात बसवायच्या दातेरी चक्रांच्या दोन जोड्या डोमाजीने गोणपाटावर मांडल्या होत्या. एका जोडीत इंजिनाचा दांडा सहा वेळा फिरला की चाक एकदा फिरे. गाडी म्हशीसारखी चाले, पण घाट चढे. दुसरीत दांड्याच्या चार फेऱ्यांतच चाकाची फेरी पुरी. सपाटीवर वाऱ्याशी शर्यत आणि चढावर इंजिनाचे डोळे पांढरे! इंजिनाला हलकी जाते ती हलकी, भारी पडते ती भारी. कारखान्यातला हिशेब इतका सरळ होता. पण बाजारात हलका म्हणजे रद्दी आणि भारी म्हणजे उंची. देशमुख बाजारातून आले होते.

कोपऱ्यात भात्याची दोरी ओढणारी जयवंताबाई हे सगळं ऐकत होती. डोमाजीची ती विधवा भावजय. भाता ओढणाऱ्या बाईकडे कोण बघतं? देशमुखांनीही बघितलं नाही. तिने मात्र त्यांना पावलांच्या आवाजावरूनच ओळखलं होतं, आणि तेव्हापासून भट्टीत जास्त जाळ होता की तिच्या छातीत, हे सांगणं अवघड होतं.

"भाऊजी," ती दोरी न सोडता म्हणाली, "मालकाले पायजे ते द्या ना. भारी ते भारीच असते."

डोमाजीने चमकून तिच्याकडे पाहिलं.

"पाह्य! बाईले कळते, तुले कळत नाई," देशमुख खूश झाले. "अन् टायर कोनते टाकशीन?"

"लहान टाका मालक, घाटाले—"

"बैलगाडीचं चाक मोठं असलं तं बैलाले ओढ कमी लागते," जयवंताबाई भट्टीकडे बघत म्हणाली. "नाई का मालक?"

खरं होतं! बेल्यातलं शेंबडं पोरही ते सांगेल. मोठं चाक खड्ड्यात रुतत नाही, बैलांची खांदेफोड वाचते. पण लॉरीला बैल बाहेरून ओढत नाहीत, तिचा बैल पोटात असतो. चाक जितकं मोठं, तितकं एका फेरीत जास्त अंतर, म्हणजे त्या पोटातल्या बैलावर जास्त भार. जयवंताबाई एक शब्दही खोटं बोलली नव्हती. फक्त बोलली होती ती बैलगाडीबद्दल.

"मोठे टाक. लष्करी," देशमुखांनी फर्मावलं. "दसऱ्याच्या आदल्या दिवशी जिल्ह्याच्या अव्वल तालुकदारसाहेबाची मोटार घाटावरून आदिलाबादले जानार हाय. तिच्या पुढं माही लॉरी, लोखंडानं भरलेली, आदिलाबादात शिरली पायजे. समद्या गावानं पाह्यलं पायजे!"

ते गेल्यावर डोमाजी भावजयीकडे वळला.

"वयनी, काऊन केलं असं? लोखंड भरून थ्या घाटात ही गाडी चढन काय?"

"नाई चढनार."

"मांगं येईन."

"येऊ द्या. माह्या चंपतची नाई आली?"

डोमाजीने खुंटीवरच्या लाकडी ठोकळ्याकडे पाहिलं. चंपत त्याचा सख्खा भाऊ, जयवंताबाईचा नवरा. देशमुखांच्या वेठीला मिठाची गाडी घेऊन याच घाटात गेला होता. तिसऱ्या वळणावर बैलांनी गुडघे टेकले, गाडी मागे सरकू लागली. मागून देशमुख घोड्यावर येत होते, त्यांना वाट हवी होती. "पाय लाव चाकाले," ते वरूनच ओरडले, "अन् पाय काढशीन तं याद राख!" चंपतने पाय लावला. घोडा निघून गेला. गाडी काही थांबली नाही. देशमुखांनी मागे वळूनही पाहिलं नाही, असं सोबतचे गाडीवान सांगत.

मोडलेल्या चाकाचा तुंबा, सगळे आरे जिथे येऊन बसतात तो मधला लाकडी गाभा, तेवढा जयवंताबाईने घरी आणला होता. डोमाजीने तो तासून त्याचा ठोकळा केला. खुंटीवर टांगलेला तो ठोकळा ती कुणाला हात लावू देत नसे.

"अन् फकिरा?" डोमाजी हळूच म्हणाला. "लॉरी थो चालवनार हाय. त्याचं काय चुकलं?"

भात्याची दोरी थांबली. जयवंताबाई उठली, खुंटीवरचा ठोकळा तिने काढला आणि कुशीत धरला.

"घाटात लॉरीच्या मांगं ठोकळा घेऊन एक मानूस बसतेच ना? मी बसीन. फकिराच्या केसाले धक्का लागू देनार नाई."

"अन् देशमुखाच्या?"

जयवंताबाई हसली. चंपत गेल्यापासून डोमाजीने तिला हसताना पाहिलं नव्हतं, आणि आता पाहिलं ते बरं वाटलं नाही. "त्याच्या नुसत्या पायाचं काम हाय," ती म्हणाली.

ठरल्या दिवशी लॉरी निघाली आणि काय धावली! सपाटीवर झाडं मागे पळत होती, देशमुखांचं उपरणं झेंड्यासारखं फडफडत होतं.

"पाह्य फकिरा! भारी म्हंजे भारी!"

"व्हय मालक," फकिरा म्हणाला. घाट समोर दिसत होता, म्हणून त्याचा आवाज जरा बारीक होता.

पहिलं वळण लॉरीने जोरातच घेतलं. दुसऱ्या वळणावर इंजिनाला खोकला झाला. तिसऱ्यावर फकिराने सगळ्यात खालचा गिअर टाकला, त्याच्या खाली आता काही उरलंच नव्हतं. लॉरी थरथरली आणि उचक्या देत बंद पडली. क्षणभर थांबली. मग हळूच, अगदी शहाण्या मुलीसारखी, मागे निघाली.

"बिरेक! बिरेक लाव!"

"लावला ना मालक! धरत नाई!"

मागच्या पेटीतून जयवंताबाईने केव्हाच उडी मारली होती. ठोकळा चाकाखाली गेला, करकरला, खडीत रुतला. लॉरी थांबली. मग जयवंताबाई पलीकडच्या बाजूला गेली आणि दुसऱ्या चाकामागे तिने एक भलामोठा दगड लोटला, असा की दहा बैलांनीही हलला नसता. तो दगड दरीच्या अंगाला होता. देशमुख उतरले ते डोंगराच्या अंगाला, त्यांना तो दिसला नाही.

"मालक, ठोकळा सरकून राह्यला," ती धापा टाकत म्हणाली. "बैल आनाले लागतीन. मी खालतून गाड्या घेऊन येतो. तवरिक तुमी पाय लावा."

"मी?"

"फकिराचा पाय बिरेकवर हाय. मंग कोन लावनार? नाई तं सोडा गाडी. जाऊ द्या खाली."

फकिराने पलीकडून मान बाहेर काढली. "मावशे, अवं इकडं तं दगड—"

जयवंताबाईने नुसतं त्याच्याकडे पाहिलं. फकिराने मान आत घेतली.

देशमुखांनी दरीकडे पाहिलं, लोखंडाने भरलेल्या आपल्या नव्या लॉरीकडे पाहिलं आणि पॉलिश केलेला बूट ठोकळ्यावर दाबून धरला. धोतराचा सोगा धुळीत लोळत होता. जयवंताबाई त्यांच्या अगदी जवळ गेली.

"पाय काढशीन तं याद राख," ती म्हणाली.

देशमुखांनी झटकन वर पाहिलं. एवढ्या आयुष्यात कुणी त्यांना 'तू' म्हटलं नव्हतं. "कोन वं तू?"

"चंपतची."

ती थांबली. या घटकेची तिने किती वाट पाहिली होती! आता याचा चेहरा पडेल, आता हा हात जोडेल. देशमुखांनी कपाळाला आठ्या घातल्या, खरोखर आठवून पाहिलं.

"कोन चंपत?"

त्यात सोंग नव्हतं. तेच तर वाईट होतं.

तेवढ्यात खालून भोंगा वाजला. तालुकदारसाहेबांची मोटार! ती जवळ आली तसे देशमुख कमरेत वाकले, पाय न काढता, वाकडेतिकडे, एका हाताने लॉरीला धरून दुसऱ्याने आदाब करू लागले. मोटार थांबली नाही. मागच्या खिडकीतून कुणीतरी खो-खो हसलं, आणि धुळीचा लोट देशमुखांच्या पगडीवर निवांत बसला.

जयवंताबाईने सगळं डोळे भरून पाहिलं. मग ती घाट उतरू लागली.

पायथ्याला कापसाच्या गाड्या सोडून गाडीवान भाकरी खात होते. "लॉरी ओढाची हाय," तिने सांगितलं.

"घाई हाय काय बाई?" एका म्हाताऱ्या गाडीवानाने विचारलं.

"कायची घाई? जेवा. बैलाले पानी पाजा, सावलीत बसवा. आरामानं."

ऊन कललं तेव्हा बैल वर पोचले. देशमुखांचा पाय ठोकळ्यावर तसाच होता, दुसऱ्याला कापरं भरलं होतं. त्यांना धरून बाजूला बसवावं लागलं. ज्या जनावरांना ते आता जुनाट म्हणत, त्यांनी खांदे लावले आणि लॉरी गाजावाजा न करता वळण चढून गेली.

मागे राहिलेला ठोकळा म्हाताऱ्या गाडीवानाने उचलला. उलटसुलट करून पाहिला.

"हा तं तुंबा हाय बाई. कोनाच्या गाडीचा?"

"चंपतच्या."

"बेल्याच्या? एका शिंगाचा बैल होता त्याचा, थो?" म्हातारा थांबला. "याच घाटात माही गाडी अडली होती एकडाव. आपली सोडून आला, अन् माह्या चाकाले खांदा लावला त्यानं."

जयवंताबाईने मान हलवली. तिने त्याच्या हातातून ठोकळा घेतला. वर बुटाच्या पॉलिशचा काळा डाग उमटला होता. तिने तो पदराने पुसला. निघाला नाही. मग वळणावरच्या दगडावर बसून, थुंकी लावून, ती तो पुन्हा पुसू लागली.