वीतभर अंतरावरचा फ्यूज

धाकटा असा बोलका, की त्यानं एकदा एका ठार बहिऱ्या माणसाच्या गाडीत दोन स्पीकर बसवून दिले आणि तो बहिरा पुढच्या वर्षी तिसरा मागायला आला. खोटं वाटत असेल तर समोरच्या न्हाव्याला विचारा. बहिऱ्याची दाढी तोच करायचा. त्याच्या थोरल्या बहिणीचं उलट. तिच्या ओठांत दिवसभर स्क्रू धरलेले असायचे. ते काढून ती उत्तर देईपर्यंत विचारणारा घरी जाऊन जेवून आलेला असायचा.

दुकान वडिलांचं. गाड्यांमध्ये स्पीकर, अ‍ॅम्प्लिफायर आणि त्यांच्या वायरी बसवून द्यायच्या, हा धंदा. वडील गेले आणि दुकान धाकट्याच्या नावावर झालं. आई म्हणाली, "पाटीवर एकच नाव बरं दिसतं गं. आणि तुला काय, तुझं बाकडं आहेच की."

बाकडं होतं खरं. मागच्या भिंतीला टेकलेलं, लाकडी, एका कोपऱ्याला सोल्डरिंगच्या डागांनी काळं पडलेलं. वर खिळ्यांना पकडी टांगलेल्या, आणि त्या पकडींच्या मुठी थोरलीच्या तळव्याच्या आकाराच्या झालेल्या. नवरा तिनं केला नव्हता, घर भावाचं होतं, ताट वहिनीच्या हातचं होतं. जगात बोट ठेवून 'हे माझं' म्हणावं अशी जागा म्हणाल तर ते बाकडं, आणि तेही धाकट्याची मर्जी असेतो.

वडिलांनी तिला काम शिकवलं ते कान पिळून. वडील बॉनेटवर कान टेकून सांगायचे म्हणे, की आतली कुठली वायर कुणावर रुसली आहे. ते असो. पण त्यांची कामाची रीत मात्र खरी होती. आधी बॅटरीची उणे तार सोडायची, मगच पान्याला हात लावायचा. इंजिन आणि माणसं यांच्या मधल्या पत्र्यातून वायर न्यायची तर भोकाला रबरी कडी घालायची, नाहीतर पत्र्याची धार तिला रोज थोडी थोडी खाते. अ‍ॅम्प्लिफायरला करंट नेणारी वायर गाडीच्या एका अंगानं, गाण्याची वायर दुसऱ्या अंगानं. जवळ आणल्या की गाण्यात इंजिन रडायला लागतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे फ्यूज. तो बॅटरीपासून वीतभर अंतरावर. त्यापुढे बोटभरही नाही.

"फ्यूज अ‍ॅम्प्लिफायरची राखण करत नाही पोरी, वायरची करतो," वडील सांगायचे. "राखणदार फाटकावर उभा करायचा. परसात उभा करून काय उपयोग?"

काम संपलं की वडील 'चटका' द्यायचे. अ‍ॅम्प्लिफायर जोडायच्या आधी फ्यूजच्या जागी एक लहानसा, कमी ताकदीचा फ्यूज घालायचा आणि वायरचं पार डिकीतलं टोक मुद्दाम गाडीच्या पत्र्याला टेकवायचं. फट्! पुढचा फ्यूज उडायचा. मालक दचकायचा. वडील तो काळा पडलेला फ्यूज त्याच्या हातावर ठेवायचे. "हा तुमच्या वाटणीचा मेला. आता निवांत गाणी ऐका." लोक तो फ्यूज जपून ठेवायचे. एका ट्रकवाल्यानं म्हणे तो दातात चांदीच्या जागी बसवून घेतला होता. मला विचाराल तर ते दात बघितल्याशिवाय मी काही बोलणार नाही.

थोरलीनं ही रीत चालू ठेवली. धाकट्याला ती रीत डोळ्यासमोर नको झाली होती.

"ताई, गिऱ्हाईक गाणं ऐकायला येतं आणि तू त्याला फटाका ऐकवतेस. कुणी पाहिलं तर म्हणेल, यांच्याकडे शॉर्टसर्किट करून देतात."

"देतोच," थोरली स्क्रूमागून म्हणाली. "एकदाच. आपल्या हातानं."

मग धाकट्यानं नवी गाडी घेतली. स्वतःला बसायलाही आणि दुकानासमोर उभी करून दाखवायलाही. शहरातला एक मोठा बसमालक आपल्या सगळ्या प्रवासी बसगाड्यांत नवी यंत्रणा बसवून घेणार होता आणि तो गाडी ऐकायला येणार होता. धाकट्यानं डिकीत काचेची पेटी करवून घेतली, आत निळे दिवे लावले, अ‍ॅम्प्लिफायर असा मांडला जसा सोनाराच्या दुकानात हार. आणि त्याच्या शेजारी, निळ्या उजेडात, चकचकीत फ्यूज.

"इथे?" थोरलीनं विचारलं.

"इथे. दिसायला हवा ना. लोकांना वाटलं पाहिजे, काय काम आहे!"

"आणि पुढे, बॅटरीजवळ?"

"पुढे काही नाही. पुढे कोण बघतंय?"

"म्हणजे बॅटरीपासून इथपर्यंत सगळी वायर बिनराखणीची. मध्ये कुठे पत्र्याला लागली तर हा तुझा फ्यूज मागे बसून तमाशा बघेल. करंट त्याच्यापर्यंत पोचणारच नाही, आधीच वायर पेटेल. धाकट्या, तुला हे मी सांगायचं? वडिलांनी आधी तुलाच शिकवलं होतं. मी तर तेव्हा टॉर्च धरून उभी असायचे."

ही गोष्ट खरी होती आणि म्हणूनच ती काढायची नव्हती. धाकट्याचा हात तिच्यापेक्षा चांगला होता. त्यानं काम पहिली इस्त्रीची पँट घातल्यावर सोडून दिलं. त्याचा चेहरा उतरला, मग ताठ झाला.

"हे बघ ताई. तुझ्या वहिनीचा भाऊ काम शिकून आलाय, जागा शोधतोय. मी सांगतो तसं करायचं असेल तर बाकडं तुझं. नसेल तर तसं सांग, मी त्याला बोलावतो."

थोरलीनं ओठांतले स्क्रू काढून तळव्यावर घेतले, बराच वेळ बघितले आणि परत ओठांत धरले. तेच तिचं उत्तर.

तिनं तो म्हणाला तसं केलं. जाड तांब्याची वायर घेतली, रबरी कडीतून नेली, वरून नळीचं आवरण चढवलं, दारांच्या कडेच्या खाचेतून शिस्तीत मागे आणली. डिकीतला रंग खरवडून, पांढरा पत्रा दिसेतो घासून, आखूड तारेनं अ‍ॅम्प्लिफायरची अर्थिंग दिली. फ्यूज निळ्या उजेडात बसवला. चटका दिला नाही. आणि धाकटा बायकोशी फोनवर बोलत बाहेर गेला तेव्हा तिनं काच धुवायच्या पाण्याच्या बाटलीमागे, बॅटरीपासून वीतभर अंतरावर, आणखी एक फ्यूज वायरीत घातला. वरून काळी टेप गुंडाळली. बघणाऱ्याला वाटावं, वायरीला आवाळू आलंय.

धाकट्याला एवढंच खुपलं, की दाराजवळची पट्टी नळीमुळे जरा फुगलेली दिसते. बहीण घरी गेल्यावर त्यानं ती पट्टी उचकटली, नळी सोलून काढली आणि वायर पुढच्या सीटखालून आडवी ओढून घेतली. पट्टी सपाट बसली. छान दिसली.

बसमालक आला तो दुपारी. धाकट्यानं आईलाही बोलावून घेतलं होतं. घरंदाज धंदा आहे हे दिसायला आईसारखं काही नाही. गाणं लागलं. आवाज असा की न्हाव्याच्या फळीवरची कात्री आपण होऊन चालायला लागली आणि बाटल्यांमधलं तेल आपसात मिसळलं. बसमालकाचं पोट तालावर हलत होतं. तो खूश होता.

"आई, तू बस ना पुढे," धाकटा ओरडला. "बसून ऐक!"

आई बसली. गुडघे अवघडले म्हणून धाकट्यानं सीट मागे सरकवली. लोखंडी रुळावरून सीट आली, रुळाची धार वायरीवर बसली आणि आईच्या वजनानं आत रुतली.

गाणं थांबलं. निळे दिवे गेले. न्हाव्याची कात्री फळीवर आडवी झाली.

धाकटा डिकीकडे धावला. काचेतला फ्यूज शाबूत. त्यानं बॉनेट उघडलं, वायर चाचपत गेला आणि बाटलीमागचं आवाळू त्याच्या हाताला लागलं. टेप फाडली. आत काळा पडलेला फ्यूज.

"हा काय प्रकार?" बसमालकानं विचारलं.

"हा... हा जादा फ्यूज आहे," धाकटा म्हणाला. "माझ्या बहिणीनं..."

"तुम्हाला न सांगता?" बसमालकानं त्याच्याकडे आणि बाकड्याजवळ उभ्या थोरलीकडे आळीपाळीनं पाहिलं. "म्हणजे तुमच्याच माणसाला तुमच्या कामाचा भरवसा नाही म्हणायचं." तो हसला, घड्याळ बघितलं आणि निघून गेला.

तो वळला तोवर थोरली गाडीत वाकली होती. तिनं आईला हात धरून उतरवलं, सीट पुढे ढकलली आणि वायर वर उचलली. रबर कापून आतलं तांबं लख्ख दिसत होतं. रुळाला त्याच जागी काळा डाग.

"हे बघ. तू नळी काढलीस. आईच्या खाली, बरोबर आईच्या खाली..."

"मुद्दाम केलंस तू," धाकटा दात खाऊन म्हणाला. "तो फ्यूज तिथे नसता तर..."

"नसता तर?"

त्याला माहीत होतं नसता तर काय. त्याचे डोळे त्या उघड्या तांब्यावरून आईच्या पायांकडे गेले आणि झटकन परत आले. तेवढं थोरलीनं पाहिलं.

आई मात्र मोडक्या स्वरात म्हणाली, "कशाला गं मध्ये मध्ये करतेस? चारचौघांत पोराचा पाणउतारा झाला."

"आई, आग लागली असती. तू वर बसली होतीस."

"लागली का?"

"नाही, कारण..."

"मग? लागलीच नाही तर कसली आग? मला तर गाणं बंद पडलेलं तेवढं दिसलं."

थोरलीनं बॉनेटखालचा काळा फ्यूज उपटून हातात घेतला. लागलेली आग कुणालाही दाखवता येते. न लागलेली कुठे धरून दाखवायची? तिच्या हातात एक काळा फ्यूज होता आणि तोच तिच्याविरुद्ध साक्ष देत होता.

धाकटा खालच्या आवाजात म्हणाला, "ऐक. फ्यूजची ती डबी काढ, वायर सरळ जोड. संध्याकाळी बसमालकाकडे जाऊन सांग, माझी चूक झाली. बाकडं तुझं राहील."

"तू स्वतः जोड," थोरली म्हणाली. "सरळ. तुझ्या हातानं. आणि मग आईला पुढे बसव."

तिनं काळा फ्यूज बॉनेटवर ठेवला, खिळ्यांवरच्या पकडी उतरवून पदरात घेतल्या आणि निघाली. बाकडं काही पदरात मावण्यासारखं नव्हतं.

पुढे ती एका बॅटऱ्यांच्या दुकानात लागली. बॅटऱ्यांत पाणी घालायचं, तारा जोडायच्या टोकांवरची पांढरी भुकटी खरवडायची. तिथे बाकडं नव्हतं, स्टूल होतं, आणि तेही मालक आला की उठून द्यायचं. भावाची गाडी रस्त्यानं गेली की ती आवाजावरून ओळखायची. पुढच्या सीटवर आई दिसायची. थोरली नाक वर करून हवेचा वास घ्यायची: रबर जळल्याचा नाही ना? नसायचा. तिला हायसं वाटायचं आणि त्याच दमात तोंड कडू व्हायचं. तिचं म्हणणं खरं ठरायचं तर आईनं जळायला हवं होतं. ते तिला नको होतं. मग रोज खोटं ठरण्यावाचून गत नव्हती.

एके दिवशी तीच गाडी बॅटरीच्या दुकानासमोर येऊन उभी राहिली. ड्रायव्हरनं सांगितलं, सकाळी सुरू व्हायला कुरकुर करते. आई पुढेच बसली होती. थोरलीनं बॉनेट उचललं. बिनफ्यूजची वायर बघायची मनाची तयारी तिनं केलेली होती.

बॅटरीपासून वीतभर अंतरावर फ्यूज होता. टेपखाली लपवलेला नाही. सोनेरी डबीत, वर दुकानाचं नाव. वायरीवर नळी. टोकं पिळून बसवायची तऱ्हा वडिलांची, आणि थोरलीला कबूल करावं लागलं, तिच्या हातापेक्षा सफाईदार.

तिनं बॅटरी पुसत पुसत विचारलं, "हे कधी केलं त्यानं?"

"तू गेलीस त्याच संध्याकाळी. जेवला नाही, गाडीखालीच होता," आई खिडकीतून म्हणाली. मग तिचा चेहरा खुलला. "अगं, बसमालकाचं काम त्यालाच मिळालं! त्यानं जाऊन सांगितलं, दोन फ्यूज ही आमच्या दुकानाची खास पद्धत आहे, तुम्हाला त्या दिवशी मुद्दाम करून दाखवली. बसमालक किती हसला म्हणे. बहिणीला पण सामील करून घेतलं होतं का, म्हणाला."

"मग धाकटा काय म्हणाला?"

"हो म्हणाला. तुझं नाव राखलं त्यानं."

थोरलीनं बॅटरीच्या टोकांना ग्रीस लावलं, बोल्ट आवळले, बॉनेट लावलं. ड्रायव्हरनं किल्ली फिरवली, गाडी पहिल्याच फटक्यात सुरू झाली. किल्लीला एक लहानसा काळा फ्यूज लोंबत होता, सोनेरी कडीत बसवलेला.

"तोच हा," आई कौतुकानं म्हणाली. "चटका म्हणतात. प्रत्येक बसमालकाला एक देतो, लोक मागून घेतात. काय डोकं आहे बघ पोराचं!" तिनं काच वर करता करता थोरलीच्या ग्रीसनं माखलेल्या हातांकडे पाहिलं. "इतकी वर्षं तूही त्याच दुकानात होतीस. तुला नाही सुचलं कधी असं काही."

उत्तर द्यायचं म्हणून थोरलीनं स्क्रू काढायला ओठांकडे हात नेला. तिथे स्क्रू नव्हते. गाडी निघाली, आणि तिनं सवयीनं नाक वर करून हवेचा वास घेतला.