बुधवारची शाळा

धर्मराज गुरुजींनी कोटाच्या खिशातून चष्म्याची तुटलेली काडी काढली आणि डेप्युटीसाहेबांच्या टेबलावर ठेवली. मग एकाच काडीवर राहिलेला चष्मा नाकावर सावरत ते म्हणाले,

"साहेब, आमच्या शाळेतला मौनपाठाचा निकाल हा."

पनवेलच्या तळ्याकाठी एका शाळेच्या हॉलमध्ये तालुक्यातले सगळे मास्तर जमले होते. ते पोट धरून हसले. डेप्युटीसाहेब हसले नाहीत. तालुक्यातल्या शाळा तपासणं हे त्यांचं काम, आणि मौनपाठाचं परिपत्रक त्यांच्याच सहीने निघालेलं. मागच्या रांगेत खांबाला टेकून बसलेले कमळाकर मास्तरही हसले नाहीत. ते त्या काडीकडे अपराध्यासारखे पाहत होते.

एका अर्थी ती त्यांनीच मोडली होती. गेल्या वर्षीच्या संमेलनात साहेबांनी टूम काढली, की ज्याने त्याने आपल्या शाळेत काही नवं केलं असेल तर सांगावं, म्हणजे ते इतरांनाही करता येईल. कुणी परसबागेचं सांगितलं, कुणी चिंचोक्यांवर शिकवलेल्या बेरजांचं. कमळाकर मास्तरांना चार माणसांत बोलायची हौस नव्हती. उलव्याच्या अंगाला, खाडीपलीकडे मिठागरांच्या गावात त्यांची शाळा. चार इयत्ता, एक खोली आणि एकच मास्तर. नाव पुकारलं गेलं म्हणून ते उठले आणि सांगून बसले, की आमच्या शाळेत बुधवारी मास्तर बोलत नाही. थोरली पोरं धाकट्यांना शिकवतात, अडलं तर आपसांत विचारून घेतात, मास्तर नुसता बसून असतो. दंगा होत नाही. खरं तर इतर दिवसांपेक्षा कमीच होतो.

साहेबांना ते बेहद्द आवडलं. थोड्याच दिवसांत परिपत्रक आलं, की सर्व शाळांनी दर बुधवारी मौनपाठ घ्यावा. झालं, तालुका गप्प बसला. म्हणजे मास्तर गप्प बसले, पोरं कशाला बसतील? एका शाळेत मास्तरांची वाचा गेली असं समजून पोरांनी वैद्याला बोलावून आणलं. दुसरीकडे मास्तरांचा डोळा लागला, आणि जाग आली तेव्हा खोलीत नुसती पाट्यादप्तरं होती, पोरं विहिरीवर पोहायला गेली होती. धर्मराज गुरुजींच्या वर्गात कुणीतरी कुणाला तरी डस्टर फेकून मारला आणि तो वाटेत चष्म्याला भेटला. आज एकेक जण उठून हे सांगत होता आणि हॉल हसून हसून थकला होता.

प्रत्येक हशाला कमळाकर मास्तर थोडे आणखी खांबामागे सरकत होते. गेल्या वर्षी चहाच्या वेळी त्यांच्याभोवती माणसं जमली होती. नाव-गाव विचारलं होतं, दोघंतिघं तर बोलत बोलत पार बंदरापर्यंत पोचवायला आली होती. त्या संध्याकाळच्या जोरावर मास्तरांनी अख्खं वर्ष काढलं होतं. खोलीत एकटे रांधताना ते त्या माणसांशी मनातल्या मनात बोलत असत, यंदा भेटल्यावर काय काय सांगायचं ते ठरवत असत. आणि यंदा त्यांच्या शेजारची जागा रिकामी होती. आपण थाप मारली असं या लोकांना वाटतंय, हे त्यांना दिसत होतं, आणि त्याचं त्यांना फार वाईट वाटत होतं.

"कमळाकर," साहेब शेवटी म्हणाले, "तुम्ही सांगितलंत ते खरं होतं ना?"

"होय साहेब."

"मग इतरांना का जमत नाही? काही सांगायचं राहिलं का?"

मास्तर उभे राहिले. टोपी काढली, तिची घडी केली, पुन्हा उलगडली. धर्मराज गुरुजींनी मागे वळून, पोरांना काय चारता ते तरी सांगून टाका, अशी कोपरखळी मारली आणि पुन्हा हशा पिकला. तो ओसरल्यावर मुलींच्या शाळेतल्या गंगाबाई बोलल्या. केस पिकलेल्या, संमेलनात कधी तोंड न उघडणाऱ्या बाई होत्या त्या.

"पण बुधवारच का हो, गुरुजी?"

हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. साहेबांनीसुद्धा परिपत्रकात बुधवार तसाच उचलून घातला होता.

"बुधवारी आमची मंडळी गेली," मास्तर म्हणाले. "ताप आला होता. होडीत घालून इकडे दवाखान्यात आणायचं, तर खाडीला पाणी नव्हतं. भरतीची वाट बघण्यात गेली. त्यानंतर मला बोलताच येईना. शाळेत जाऊन बसायचो, तोंड उघडायचो आणि शब्द फुटायचा नाही. पोरांनीच शाळा चालवली. तो प्रयोग नव्हता, साहेब. मी गेल्या वर्षीच तुम्हाला एवढं सांगायला हवं होतं."

तालुक्याचा खरा मौनपाठ तेव्हा झाला. धर्मराज गुरुजींनी हळूच हात पुढे करून टेबलावरची काडी उचलली आणि खिशात घातली.

साहेबांचाही आवाज खाली आला. आता तर तुम्ही बोलता, मग बुधवारी अजून गप्प का बसता, असं त्यांनी विचारलं.

"सवय राहिली," मास्तर म्हणाले आणि खाली बसले.

हे मात्र खोटं होतं. वाचा परत आली तेव्हा ते इतर वारी बोलू लागले, पण बुधवार त्यांनी मुद्दाम राखला. इतर वारी ते मास्तर असत. पोरं हातभर लांब उभी राहत, विचारलं तेवढं सांगत आणि शाळा सुटली की पळत. मग दुसरी सकाळ होईपर्यंत मास्तरांना आपला आवाज वापरायचं कारण पडत नसे. बुधवारी ते भिंतीशी मांडी घालून गप्प बसले, की पोरं एकेक करत जवळ सरकत. धाकटी तर अंगाला टेकून पाटी गिरवत. कुणी फडक्यातली भाकरी आणि भाजलेली सुकट त्यांच्या गुडघ्यावर ठेवी. मास्तर उलट काही विचारणार नाहीत, म्हणून घरची सगळी खबर सांगत. कुणाच्या बापाला खाडीच्या बांधावर, उघाडीची दारं राखायला रात्रपाळी लागली, कुणाची शेळी व्याली. त्या एका दिवसासाठी मास्तर बाकीचा आठवडा ढकलत. गप्प माणसाला भूक जास्त लागते अशी पोरांची समजूत असावी, असं ते धरून चालले होते. चांगला जाणता माणूस, बोर्डाचा नोकर, पोरांनी जवळ बसावं म्हणून तोंड मिटून घेतो, हे भर हॉलमध्ये कसं सांगायचं?

साहेबांनी परिपत्रक मागे घेतल्याचं जाहीर केलं. चहाच्या वेळी मास्तरांची कुणी थट्टा केली नाही, पण जवळही कुणी आलं नाही. दुःख ऐकल्यावर पुढे काय बोलायचं ते कुणालाच सुचत नव्हतं. गंगाबाईंनी तेवढा कप आणून दिला, थोडा वेळ शेजारी उभ्या राहिल्या, मग त्यांनाही कुणीतरी हाक मारली. मास्तर एकटेच चालत बंदरावर आले.

होडीत बसल्यावर त्यांनी ठरवून टाकलं, की आता हे ढोंग पुरे. परिपत्रकच राहिलं नाही, तर आपला बुधवार तरी कशाला? लोकांच्या लेकरांकडून आपण आपल्या एकटेपणाची वसुली करतोय, असं त्यांना वाटू लागलं होतं, आणि त्याची लाज वाटत होती.

बुधवारी ते शाळेत आले ते सरळ फळ्याकडे गेले. हातात खडू घेऊन म्हणाले,

"चला, आज भूगोल घेऊ."

पोरांनी वळून भिंतीकडे पाहिलं. भिंतीशी मास्तरांच्या जागेवर गोणपाट रोजच्यासारखं अंथरून ठेवलेलं होतं. पहिलीतली मालू उठून उभी राहिली.

"मास्तर, आज बुधवार हाय."

"ठाऊक आहे. आता बुधवारीसुद्धा मी शिकवणार. बस खाली."

मालू बसली नाही. तिने थोरल्यांकडे पाहिलं. थोरल्यांनी माना खाली घातल्या होत्या.

"मंग तुमच्या जवल कोनी बसायचा?" तिने विचारलं.

"म्हणजे काय?"

"मैना बोललीय. काकी बुधवारी गेली. बुधवारी मास्तरांना कोनी काय इचारायचा नाय. भाकर न्यायची न जवल बसायचा." आणि आपलं काही चुकलं तर नाही ना, अशा बेताने तिने पुढे जोडलं, "मैनाला तिच्या आदीच्यांनी सांगितलाय."

मैना म्हणजे मालूची थोरली बहीण. लग्न होऊन उरणला गेली त्याला वर्ष होऊन गेलं होतं. मास्तरांची बायको चंद्रावती गेली तेव्हा मैना दुसरीत होती आणि मालू पाळण्यात.

मास्तरांना गावाची रीत आठवली. ज्या घरी माणूस जातं तिथे चूल पेटत नाही. शेजारपाजारचे भाकरी आणतात, येऊन बसतात, आणि घरच्यांना बोलायला लावत नाहीत. मोठी माणसं ते तेराव्यापर्यंत करतात आणि मग आपापल्या कामाला लागतात. थांबायचं कधी, हे पोरांना कुणी सांगितलं नव्हतं. चौथीची पोरं शाळा सोडताना खालच्यांना सांगून जात राहिली. इतकी वर्षं मास्तर समजत होते, की बुधवार आपण राखलाय.

त्यांनी खडू फळ्याखालच्या पट्टीवर ठेवला आणि भिंतीशी जाऊन गोणपाटावर बसले. चौथीचा तुळशीराम उठला आणि त्याने दुसरीचे पाढे सुरू केले. मालूने दप्तरातून फडकं काढून भाकरी त्यांच्या गुडघ्यावर ठेवली, आणि त्यांच्या दंडाला टेकून ती पाटीवर आपलं नाव काढू लागली.

मास्तरांना तिला काहीतरी सांगायचं होतं. पण बुधवार होता.