धोंड्याच्या वाणाचा एक्सल

कडा गावात साखर कारखान्याच्या रस्त्यावर सुंदररावाचं गॅरेज. उसाच्या ट्रका दुरुस्त करण्यात तीस वर्षं गेलेली. माणूस तोंडाचा फटकळ, पण गाडीखालचं त्याच्याइतकं कुणाला कळत नव्हतं. त्याचा जावई अंगद तलवाड्याचा, शेतीवाडीचा, आणि हौस म्हणाल तर जीपची! उचलून उचलून एवढी उंच केली की बायकोला, म्हणजे सुंदररावाच्या लेकीला, संस्कृतीला, आत चढायला स्टूल लागायचं. टायर माणसाच्या कमरेएवढे. रस्ता नसेल तिथं ही जीप घालायची, अन् बायको शेजारच्या सीटवर. नवऱ्याची हौस ती बायकोची, दुसरं काय!

लग्नानंतरचा पहिला धोंड्याचा महिना आला. सासऱ्यानं विचारलं, "जावईबापू, वाणाला अंगठी करू का चेन?"

"सोनं नको मामा. मोठ्या टायरनं मागचा एक्सल दोनदा वाकला. तुमी निवडाल तो दमदार एक्सल द्या."

सुंदरराव असा फुलला की विचारू नका. आठ दिवस भंगारबाजार पालथे घालून त्यानं नेकनूरला एक हुडकला. जुन्या मिलिटरी गाडीचा, गंजलेला, पण अस्सल. अशा एक्सलला गाडीचं सगळं वजन बाहेरची नळी पेलते, आतला शाफ्ट नुसतं चाक फिरवतो. शाफ्ट मोडला तरी चाक जागचं हलत नाही. जीपच्या मूळ एक्सलला तसं नाही. तिथं चाक शाफ्टलाच लटकलेलं. शाफ्ट मोडला की चाक सुटलंच समजा.

घरी त्याची बायको वनमाला वाणाचे अनारसे तळत होती. तेहतीस व्हायचे होते. भंगारातला माल ऐकून तिनं झारा खाली ठेवला.

"अवो, येड लागलंय का? अधिकात जावयाला जुनं वाण? पोरीच्या सासरी तोंड कुठं दाखवू मी?"

"नवा मिळतो, लई जाड शाफ्टाचा. पण मूळ बनावटीचाच. अगं, त्यात जर का चाक..."

"गप्प बसा! शुभ बोला की जरा! महिना कोणता हाय?"

सुंदरराव गप्प बसला. रस्त्यावर कुणाच्या बापाला न भिणारा हा माणूस, वाणाच्या ताटापुढं भ्याला. शिवाय नवा शाफ्ट खरंच जाड होता, चकचकीत होता. त्यानं तो आणला, स्वतःच्या हातानं बसवला. जावयाला ओवाळलं, पुरणाचे धोंडे वाढले. संस्कृती त्या दिवशी लई हसत होती.

पंधरा दिवसांनी बालाघाटच्या डोंगरात एका खडकाळ उतारावर मागचं डावं चाक शाफ्टासकट बाहेर आलं. जीप दोनदा उलटली. अंगदचा हात मोडला. संस्कृती जागीच गेली.

चौकशीला आलेल्या जमादारानं विचारलं, "एक्सल कुणी बसवला?" अंगद खाली मान घालून बसला होता. सासऱ्याचं नाव त्याच्या तोंडून निघेना. सुंदररावच उठून म्हणाला, "मी. अन् निवडला बी मीच."

दहावा झाला, पाव्हणे गेले. वनमाला भिंतीला टेकून बसली होती.

"खरं सांगा. तो जुना बसवला असता तर?"

खोटं बोलावं असं त्याला फार वाटलं. देवाशप्पथ वाटलं. पण लेक तिचीही होती.

"शाफ्ट मोडला असता. चाक राहिलं असतं. पोरगी घरी आली असती."

वनमाला रडली नाही.

"मी अडाणी. मला काय कळतंय त्यातलं? मी गप्प बसा म्हणलं, अन् तुमी बसलात? कशापायी?"

तूच बोलू दिलं नाहीस, हे त्याच्या अगदी ओठावर आलं. पण ते खरं नव्हतं. वजन पेलणारा पाटा नीट नसताना ओव्हरलोड ऊस भरणाऱ्या ड्रायव्हरांना ज्या एका शब्दासाठी तो जन्मभर आईबापावरून शिव्या देत आला, तोच त्याच्या तोंडून निघाला.

"वाटलं, धकंल."