खालून वाजवायची काठी

वळवाच्या वादळानं तळवलीतल्या बायजाबाईच्या घरावरचा एक पत्रा उचलला आणि शेजारच्या चारमजली इमारतीच्या पार्किंगमध्ये नेऊन टाकला. दुसऱ्याच दिवशी करंजाड्याहून लेकाचा, भगवानचा फोन आला.

"आई, पत्रेवाला पाठवतोय. तो बोलला छप्पर चांगलं हाय, तर ऱ्हा. नायतर कुलूप लाव आनि इकडं ये. मना रोजचं टेन्शन नको."

"बरं," म्हणाली बायजाबाई, आणि उठून माळ्यावर गोधड्या रचायला लागली.

कारण तिला ठाऊक होतं. वादळात स्वयंपाकघरावरचा वासा कडकन बोलला होता. माळ्यावर चढून तिनं बोट लावलं, तर लाकूड भिजल्या पावासारखं हातात आलं होतं. आता माळ्यावर गोधड्या, गोधड्यांवर जुनं जाळं, जाळ्यावर लग्नातली परात. खालून कुणी कितीही मान उंचावली तरी वासा दिसायचा नाही.

पत्रेवाला धम्मपाल मूळचा जालन्याकडचा, राहायला घणसोलीत. घरात नजर फिरवून त्यानं माळ्याकडे बोट केलं.

"तिथलं काय, मावशी?"

"तिथं काय नाय. बरं हाय तिथं."

त्यानं बाहेर शिडी लावली. "आतून गळकी जागा दाखवायला कोन हाय का घरात?"

"मीच हाय की." दाराआडची बांबूची काठी तिनं हातात घेतली. "एकदा वाजवलं म्हंजे इथं गळतंय. दोनदा वाजवलं म्हंजे पाय नको ठेवू. आनि तू वरून एकदा ठोकायचं, ऐकलं म्हनून."

"भारी! मोबाईलपेक्षा बरं. रेंज तरी जात नाय."

ही रीत तिच्या म्हाताऱ्याची. दरवर्षी पावसाआधी तो वर, ती खाली, मध्ये पत्रा. घरात दोघं बोलायचे कमी आणि भांडायचे जास्त. पण वरून त्याची हातोडी वाजली की ती हलकीच वाजायची, झोपलेल्या घराचं दार वाजवावं तशी. म्हातारा गेला आणि काठी दाराआड गेली. काठी मुकी झाली, घरही मुकं झालं.

आज तिनं पडवीतल्या गळक्या जागेखाली काठी टेकवली. टक.

वरून आलं, टक.

बायजाबाई तशीच उभी राहिली. मग खिडकीपाशी गेली. टक. वरूनही टक. मग देव्हाऱ्यापाशी, जिथं कधी थेंबही पडला नव्हता, तिथं गेली आणि वाजवलं. लगेच उत्तर आलं. तिनं पुन्हा वाजवलं. पुन्हा आलं.

"मावशी," वरून हाक आली, "घर हाय का चाळन? इथं तर सगळं कोरडं दिसतंय!"

"नीट बघ रं!" ती ओरडली, आणि पदरात तोंड लपवून पोरीसारखी हसली.

मग पावलं निघाली. पत्र्यावर माणूस वाशाच्या रेषेवरूनच चालतो. खाली लाकूड आहे या भरवशावर. पावलं देव्हाऱ्यावरून पुढं आली, मधल्या भिंतीवरून पुढं आली, स्वयंपाकघराकडं वळली. बायजाबाई पावलांखाली पावलं टाकत माळ्यापर्यंत पोचली आणि थांबली. काठी हातात होती. वाजवली नाही तर घर राहील. आपण राहू, चूल राहील, दार राहील. बाकी पत्रे कडक आहेत. पोरगा अंगानं किडकिडीत आहे. त्याचा काय भार तो.

वर पत्रा कुरकुरला.

टक टक.

हात आपसूक उठला होता. पावलं थबकली. कितीतरी वेळ काहीच आलं नाही. मग अगदी हलकेच आलं, टक.

खाली उतरून धम्मपालनं स्वतःच परात काढली, जाळं काढलं, गोधड्या बाजूला केल्या. वाशाला हात लावला आणि हाताकडं बघत राहिला.

"मावशी, मी गेलो असतो वो. घरी लहान पोरगी हाय माझी."

"म्हनून तर वाजवलं."

"मग या गोधड्या?"

तिनं चहा ठेवला. त्यानं उभ्याउभ्याच घेतला.

"सगळं छप्पर उतरवायला लागेल. तोवर इथं झोपू नका. भगवानदादांना मी सांगू?"

"मीच सांगते." तिनं फोन लावला. "भगवान, वासा गेलाय. ये न्यायला."

"बघ, मी बोललोच हुतो ना!" भगवान म्हणाला. सातव्या मजल्यावर त्यानं तिच्यासाठी पंखा बसवून ठेवला होता.

शिडी खांद्यावर टाकून धम्मपाल गल्लीच्या वळणाआड गेला. उन्हं पत्र्यावरून उतरली. बायजाबाई देव्हाऱ्यापाशी आली, त्या कोरड्या जागेखाली. काठी उचलून तिनं एकदा वाजवली.

वर कुणी नव्हतं. तिला ठाऊक होतं. तरी तिनं काठी लगेच खाली घेतली नाही.